तांबड्या वाइनचे साल आणि तोडणीचा हजेरीपट

वसंत व्याख्यानमालेत धानाचा भाव, नदीचे पाणी, संतांचे वाङ्मय असे विषय निघाले म्हणजे कोणाला नवल वाटत नाही. तांबड्या वाइनची पंगत हा विषय निघाला म्हणजे मात्र श्रोते एकमेकांकडे पाहू लागतात. मौद्यात तर हे साहजिकच आहे. मानवधर्माची शिकवण देणाऱ्या बाबा जुमदेवजींच्या सेवकांचा आश्रम याच गावी आहे, आणि त्या मार्गाला लागून ज्यांनी दारू कायमची सोडली अशी कितीतरी घरे या पंचक्रोशीत आहेत. आम्ही स्वतः मद्य घेत नाही आणि घ्यावे असे कोणाला सांगणारही नाही. पगाराच्या दिवशी कामगार वस्तीत दारू काय करते, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाकडून त्या सल्ल्याची अपेक्षा कोणी करू नये.

तरीही हा विषय घेण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, ही वस्तू आता परदेशची राहिलेली नाही. नाशिक, सांगली, सोलापूर या आपल्याच जिल्ह्यांत तिची द्राक्षे पिकतात आणि आपल्याच राज्यातील माणसे ती तोडतात. दुसरे असे की, या पंगतीत पारख करण्याची जी रीत आहे, तिच्यात आपल्यासारख्या श्रमाच्या बाजूने विचार करणाऱ्यांनी शिकण्याजोगे पुष्कळ आहे. ती रीत आधी समजून घेऊ. मग तिच्यात काय राहून गेले आहे ते पाहू.

साल म्हणजे काय?

आपला भाग धानाचा. नवा तांदूळ शिजवला तर चिकट होतो, जुना मोकळा होतो, म्हणून जुन्याला भाव अधिक, हे इथल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. वाइनचेही तसेच असावे, जितकी जुनी तितकी चांगली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. जुनेपणा ही एक गोष्ट आणि साल ही दुसरी. बाटलीवर जो आकडा छापलेला असतो तो द्राक्षे तोडली त्या वर्षाचा असतो. ती बाटली केव्हा भरली, केव्हा विकली, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे बाटलीवर साल लिहायचे असेल तर आतील निदान ८५ टक्के वाइन त्याच सालच्या द्राक्षांची असावी लागते.

एकाच झाडाचे फळ हंगामागणिक वेगळे लागते, हे नागपूरकरांना संत्र्यावरून समजावे. आंबिया बहाराचे संत्रे निराळे आणि मृग बहाराचे निराळे. झाड तेच, माती तीच, पण फळाने ऊन, पाऊस आणि थंडी वेगळी भोगलेली असते. द्राक्षाचेही असेच आहे. फरक इतकाच की, संत्रे आपण खाऊन मोकळे होतो. मागल्या दहा वर्षांची दहा संत्री एका ताटात ठेवून कोणाला चाखता येत नाहीत. वाइन बाटलीत राहते, म्हणून तिची दहा साले शेजारी शेजारी मांडता येतात. सालांची पंगत शक्य होते ती एवढ्याचमुळे.

अशा पंगतीचे दोन प्रकार आहेत. एकाच मळ्याची, एकाच घराण्याने केलेली वाइन वेगवेगळ्या सालांची मांडली तर ती उभी तुलना. एकाच सालाची वाइन वेगवेगळ्या मळ्यांची मांडली तर ती आडवी तुलना. उभ्या तुलनेत मळा तोच राहतो आणि हवामान बदलते. आडव्या तुलनेत हवामान पुष्कळसे तेच राहते आणि माती व हात बदलतात. एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलावयाची आणि फरक कशाने पडला ते पाहावयाचे, ही शास्त्राचीच रीत आहे.

सालीपासून सालापर्यंत

मराठीत ‘साल’ या शब्दाची मोठी गंमत आहे. ते साल म्हणजे वर्ष आणि ती साल म्हणजे फळाचे आवरण. तांबड्या वाइनमध्ये या दोन्हींची गाठ पडते.

काळी द्राक्षे पिळली तर बहुतेक जातींचा रस जवळजवळ पांढराच निघतो. रंग सगळा सालीत असतो. म्हणून तांबडी वाइन करताना द्राक्षे चेचून रस, साली आणि बिया एकत्रच टाकीत आंबवतात. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव रसातील साखर खातात. तिचे मद्यार्क होते आणि कर्बवायू निघून जातो. ही क्रिया सुमारे २५ ते ३० अंश उष्णतेत काही दिवस चालते. तेवढ्या अवधीत सालींतून रंग आणि साली व बियांतून तुरटपणा रसात उतरतो. हा तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांना टॅनिन म्हणतात. चहा फार उकळला, कच्चे केळे खाल्ले, सुपारी चघळली किंवा जांभूळ खाल्ले की जिभेला जी ओढ बसते ती टॅनिनचीच. लाळेतील प्रथिने टॅनिनला चिकटतात आणि तोंड कोरडे पडल्यासारखे वाटते. आपल्याकडे षड्‌रसांत तुरट हा स्वतंत्र रस मानला आहे. तेव्हा तांबडी वाइन समजून घेण्यास लागणारा शब्द आपल्यापाशी पूर्वीपासून आहे.

पुढे ही वाइन ओकच्या लाकडी पिंपात ठेवतात. फ्रान्सच्या बोर्दो भागातील पिंप २२५ लिटरचे असते. तिथे महिनोन्‌महिने राहून ती बाटलीत जाते. बाटलीत टॅनिनचे आणि रंगाचे कण हळूहळू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात आणि तळाशी गाळ बसतो. कोवळ्या वाइनचा जांभळट रंग वर्षानुवर्षांनी विटेसारखा होतो. तोंड आवळणारा तुरटपणा मवाळ होतो, ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि सुकलेली पाने, चामडे, ओली माती अशा वासांच्या छटा येतात. कैरीचे लोणचे मुरते तसे हे मुरणे आहे. पण लोणचे मुरण्यासाठी मुळात कैरी चांगली लागते. साधी वाइन वर्ष-दोन वर्षांतच घ्यावयाची असते. ठेवली तर ती मुरत नाही, उतरते. जिच्यात आंबटपणा, तुरटपणा आणि फळाचा कस पुरेसा आहे तीच दहा-वीस वर्षे टिकते. हा कस किती असावा हे पुष्कळ अंशी त्या सालाच्या हवामानावर ठरते.

बोर्दोतील १९४५ चे साल प्रसिद्ध आहे. मे महिन्याच्या आरंभी पडलेल्या हिमदवाने कोवळे धुमारे जळाले आणि पीक फार थोडे आले. पण पुढे उन्हाळा कडक व कोरडा गेला. वेलीवर राहिलेल्या थोड्या घडांत सगळा कस एकवटला. महायुद्ध त्याच वर्षी संपले होते. मुताँ रोथशिल्ड या मळ्याने त्या सालच्या बाटलीच्या चिठ्ठीवर विजयाचे इंग्रजी ‘व्ही’ अक्षर चितारून घेतले.

आपल्याकडची द्राक्षे आणि आपले साल

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. महाराष्ट्रात वेलाला झोपवील इतकी थंडीच नाही. म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. तिच्यामुळे पुढल्या घडांची काडी तयार होते. पाऊस सरत आला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिच्या पाठोपाठ फूट आणि घड येतात. तोडणी जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत चालते. युरोपातले द्राक्ष उन्हाळ्यात वाढून शरदात पिकते. आपले थंडीत वाढते आणि उन्हे तापू लागताच पिकते.

आपल्याकडच्या सालाची परीक्षाही त्यामुळे वेगळ्या वेळी होते. गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला तर केवडा पडतो, घड कुजतात. दव आणि ढगाळ हवा राहिली तर भुरी येते. तोडणीच्या तोंडावर गारपीट झाली तर हाती आलेले पीक जमिनीवर जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेला पाऊस नाशिकचा कोणताही बागायतदार विसरलेला नाही. तज्ज्ञ पेला नाकाशी नेऊन सालाविषयी जे बोलतात, ते त्याने आकाशाकडे पाहतच ओळखलेले असते.

महाराष्ट्रात हा धंदा आधुनिक स्वरूपात उभा राहिला तो १९८०च्या दशकात नारायणगावाजवळ, फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने. नाशिकला राजीव सामंत यांनी काढलेल्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे वाइन उद्यानांच्या वसाहती झाल्या. काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ ही परदेशी जातींची नावे निफाड-दिंडोरीच्या बांधावर रुळली. आज नाशिकच्या बाटलीवरही साल छापलेले असते.

पंगत कशी चालते?

पंगतीत जितकी साले तितके पेले प्रत्येकापुढे मांडतात. खाली पांढरे कापड असते, म्हणजे रंग नीट दिसावा. पेला तिसरा हिस्साच भरतात. बाकीची जागा वासासाठी मोकळी ठेवतात. जुन्या बाटलीतील गाळ ढवळू नये म्हणून ती काही काळ आधी उभी करून ठेवतात, आणि गाळ मागे राहील अशा बेताने वरची वाइन हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओततात. तांबडी वाइन सुमारे १६ ते १८ अंशांवर देतात. ती खोलीच्या उष्णतेवर द्यावी असे जे म्हणतात, ते थंड देशांतील जुन्या घरांच्या खोलीविषयी आहे. मौद्याच्या मे महिन्याला ते लागू पडणार नाही!

क्रम बहुधा कोवळ्या सालाकडून जुन्याकडे असतो. काही ठिकाणी तो उलटही ठेवतात. आधी पेला तिरपा धरून कडेचा रंग पाहावयाचा, मग फिरवून वास घ्यावयाचा, मग घोट तोंडात घोळवावयाचा. पाहावयाच्या गोष्टी चार-पाचच: आंबटपणा, तुरटपणा, गोडी, मद्यार्काची ऊब, आणि घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते ती. अनेक साले तपासावयाची असली तर जाणकार घोट गिळत नाहीत. शेजारच्या भांड्यात थुंकतात. पंधरा-वीस पेल्यांनंतर शुद्धीवर राहिल्यावाचून निवाडा कसा करणार? मधूनमधून पाणी आणि साधा पाव असतो. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे आणि मग बोलावे, हा शिरस्ता. नाहीतर मोठ्या माणसाचे मत पहिल्याने ऐकले की बाकीच्यांच्या जिभा त्याच्याच मागे जातात. हे सभेत आणि वाटाघाटीतही घडते.

जेवणात बहुधा भाजलेले मांस, चीज असे पदार्थ असतात. प्रथिने आणि स्निग्धता टॅनिनला धरतात, म्हणून तुरट वाइन अशा घासाबरोबर मऊ लागते. आपले सावजी मटण तिथे चालत नाही. तिखटाची आग मद्यार्काने अधिक भडकते आणि दहा वर्षांच्या मुरण्यातून आलेली बारीक चव त्या आगीत कोणाला कळणार नाही. यात सावजीचे काही उणे नाही. तो रस्सा स्वतःच्याच बळावर उभा आहे; त्याला भाकरी पुरते.

चिठ्ठी झाकून केलेला न्याय

आता या पंगतीतील सर्वांत मोलाची गोष्ट. पारख खरी व्हावी म्हणून बाटलीची चिठ्ठी झाकतात. कोणते घराणे, कोणते साल, किंमत काय, हे कोणाला कळू द्यावयाचे नाही.

याचे कारण प्रयोगांनी दाखविले आहे. बोर्दोत वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. लोकांना ९० डॉलरची अधिक आवडली. जीभ एकटी चव घेत नाही. डोळा, कान आणि खिसा तिच्याबरोबर असतात. तेव्हा डोळ्यांवर पडदा घातल्यावाचून न्याय होत नाही.

हा पडदा एकदा फार मोठ्या माणसांवर पडला. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची तुलना भरविली. ज्यांचे गुण मोजले ते नऊही परीक्षक फ्रेंच होते आणि त्या धंद्यातले मान्यवर होते. तांबड्या वाइन दहा: चार बोर्दोच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. चिठ्ठ्या झाकलेल्या होत्या. गुणांची बेरीज झाली तेव्हा पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीप या मळ्याच्या १९७३ सालच्या वाइनला मिळाला. मुताँ रोथशिल्डचे १९७० चे साल दुसरे आले. पहिल्या आलेल्या मळ्याची लागवड १९७० मधली, म्हणजे वेल तीन वर्षांचे. तो मळा करणारे वॉरन विनियार्स्की पूर्वी शिकागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवीत. तेव्हा असे म्हटले गेले की, कॅलिफोर्नियाची वाइन लवकर पिकते. आमची खरी ताकद मुरल्यावर कळेल. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच सालांची पुन्हा तुलना झाली. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले.

सालाच्या आकड्याला एवढी किंमत आली की, तो आकडा खोटा करण्याचाही धंदा निघाला. अमेरिकेत रूडी कुर्नियावान नावाच्या व्यापाऱ्याने जुन्या बाटल्यांच्या नकला करून लिलावात विकल्या. २००८ च्या एका लिलावात फ्रान्सच्या पाँसो घराण्याच्या एका वाइनच्या १९४५ ते १९७१ सालांच्या बाटल्या आल्या, आणि त्या घराण्याचे प्रमुख स्वतः येऊन उभे राहिले. ती वाइन त्यांच्या घराण्याने १९८०च्या दशकाआधी केलेलीच नव्हती! पुढे २०१३ मध्ये कुर्नियावान दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. इतकी वर्षे मोठमोठ्या पंगतींत त्या बाटल्या वाखाणल्या गेल्या होत्या. जिभेला न कळलेली लबाडी वहीतल्या नोंदीने उघडी पडली.

हजेरीपट

इथे आम्ही आमच्या विषयावर येतो. कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाचा वहीवर विश्वास असतो, कारण वही नसली म्हणजे काय होते ते त्याने पाहिलेले असते. एका कारखान्यात उपदानाचा दावा लढताना मालकाने हजेरीपट हजर केला नाही. पंधरा-पंधरा वर्षे राबलेल्या माणसांना आपण तिथे होतो हेच सिद्ध करावे लागले. कोणी जुनी पगारचिठ्ठी आणली, कोणी डब्यात जपलेला गेटपास आणला. आमच्या कायद्यात सलग नोकरीचे वर्ष मोजताना २४० दिवसांचा हिशेब चालत आला आहे. कामगाराचे साल ते.

वाइनच्या सालाचाही आधार असाच एक हजेरीपट आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. फ्रान्सच्या बर्गंडी भागात बोन नावाचे गाव आहे. तिथे द्राक्षतोडणी कोणत्या वर्षी कोणत्या दिवशी सुरू झाली याची १३५४ पासून २०१८ पर्यंतची यादी इतिहाससंशोधकांनी जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. सहाशे चौसष्ट वर्षांची ही यादी कशावरून केली? तोडणीच्या मजुरांना दिलेल्या मजुरीच्या नोंदींवरून, नगरपालिकेच्या दप्तरावरून आणि पुढील काळातील वृत्तपत्रांवरून. ज्या दिवशी मजुराला दाम दिला, तो दिवस कारकुनाने लिहून ठेवला. उन्हाळा कडक गेला की द्राक्ष लवकर पिके आणि मजुरीची नोंद लवकर पडे. थंड गेला की उशिरा. उष्णतामापक यंत्र निघण्याच्या कितीतरी आधीचे हवामान त्या मजुरीच्या वहीत उतरले आहे. त्यावरून असे दिसले की, १९८८ पासूनची तोडणी आधीच्या सहा शतकांच्या मानाने सरासरी तेरा दिवस लवकर होत आहे. पृथ्वी तापत असल्याची ही साक्ष विद्वानांना तोडणीच्या मजुरांनी दिली. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

द्राक्षतोडणी हे हलके काम नव्हे. वाइनची द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडतात, कारण उन्हात फळ तापले की रस वेळेआधीच आंबू लागतो. वाकून, कात्रीने, कुजका मणी बाजूला काढीत घड क्रेटमध्ये ठेवावयाचे आणि क्रेट डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत न्यावयाचा. नाशिकच्या बागांत छाटणीपासून तोडणीपर्यंतची कामे करणाऱ्या टोळ्यांत पेठ, सुरगाणा या बाजूचे आदिवासी स्त्रीपुरुष पुष्कळ असतात. टोळीचा मुकादम उक्ते काम घेतो आणि मजुरी वाटतो. काम हंगामी, म्हणून एका मालकाकडे २४० दिवस भरत नाहीत. बाटलीला साल मिळते. ज्या हातांनी ते साल वेलीवरून उतरविले त्यांना एकही साल मिळत नाही.

बागायतदाराचीही स्थिती सुखाची आहे असे नाही. २००८ च्या मंदीने आणि त्याच वर्षीच्या मुंबईवरील हल्ल्याने हॉटेले ओस पडली. पाठोपाठ नाशिकची वाइन गोदामात पडून राहिली. द्राक्षाचे पैसे अडकले आणि मोठ्या आशेने लावलेल्या वाइनच्या बागा अनेकांनी उपटून टाकल्या. त्या सालांची चर्चा कोणत्याही पंगतीत होत नाही. वेल उपटला गेला तेव्हा मजुराचा हंगामही गेला, याची नोंद तर कोठेच नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलेनो येथे लॅरी इट्लियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो द्राक्षमजुरांनी ताशी १.४० डॉलर मजुरीसाठी संप पुकारला. आठवडाभरात सेझर चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यांना मिळाले. यापूर्वी मालक एका वंशाच्या मजुरांचा संप दुसऱ्या वंशाच्या मजुरांनी मोडवीत असत. या वेळी ते साधले नाही. १९६६ च्या वसंतात त्यांनी सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे तीनशे मैल पायी मोर्चा नेला. त्या मोर्चाच्या काळातच शेनली या मद्याच्या कंपनीने संघटनेला मान्यता दिली. खाण्याच्या द्राक्षांचे मळेवाले अधिक हट्टी निघाले. तेव्हा शहरांतील गिऱ्हाइकांना द्राक्षे घेऊ नका असे विनविण्यात आले, आणि १९७० च्या जुलैत मळेवाल्यांनी करार केले. पाच वर्षे लागली. १९७६ च्या पॅरिसच्या पंगतीत पहिली आलेली वाइन १९७३ ची, त्याच राज्यातली. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांमागे एवढा इतिहास होता. चाखणाऱ्या नऊ परीक्षकांना त्यातले काही जिभेवर जाणवणे शक्य नव्हते.

आपण काय घ्यावे?

मद्याविषयी पुन्हा एकदा स्पष्ट सांगितले पाहिजे. तांबडी वाइन हृदयाला हितकर असते असा बोलबाला मध्यंतरी झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. वाइनमध्ये बहुधा १२ ते १४ टक्के मद्यार्क असते. नाव मऊ म्हणून वस्तू मऊ होत नाही. आपल्या विदर्भात वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे दारूबंदीचे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. हा वाद इथल्या स्त्रियांनी स्वतःच्या संसाराच्या अनुभवावरून लढविला आहे, आणि पेल्यातील सुगंधाचे वर्णन करून तो मिटणार नाही.

पण पारख करण्याची रीत घेण्यास पेला लागत नाही. आपल्या तालुक्यातील धान घ्या. एकाच बांधीचा, एकाच वाणाचा तांदूळ तीन सालांचा ठेवा, चिठ्ठी झाका, शिजवा आणि घरच्या माणसांना आपापले मत आधी लिहून मग बोलावयास सांगा. कोणत्या साली पाऊस ऐन लोंबीच्या वेळी दगा देऊन गेला ते घासाला कळते का पाहा. मोहाची फुले पहाटे वेचणाऱ्या बायांना विचारा; मार्च-एप्रिलातल्या ढगांनी फूल कसे बदलते ते त्या सांगतील. असे सालाचे ज्ञान आपल्या भागात पुष्कळ आहे. ते कोणी बाटलीवर छापले नाही आणि त्यावर किंमत चढविली नाही, इतकेच.

आणि दुसरी गोष्ट विचारण्याची. कोणत्याही मालाची पारख करताना आपण तीन प्रश्न विचारतो: कोठला, केव्हाचा, केवढ्याला. त्यात चौथा घालावा. कोणी काढला, आणि त्याची हजेरी कोठे लागली? नाशिकच्या बागेतील टोळीचा हजेरीपट बागाइतदाराने ठेवावा, मजुराला त्याची प्रत मिळावी, आणि निरनिराळ्या बागांत भरलेले दिवस एकत्र मोजून त्याचे वर्ष धरावे, ही मागणी अवास्तव नाही. बाटलीचे साल पन्नास वर्षे जपण्याची व्यवस्था ज्या धंद्याने केली, त्याला मजुराचे दिवस एका वहीत लिहून ठेवणे जड जाऊ नये. बोनच्या कारकुनाने चौदाव्या शतकात, बोरूने लिहून का होईना, ते करून दाखविले आहे.